बोलू नये, पाने दोन

सीताराम : परत खोडलंस.

अबोली : एकच ओळ, बाबा.

सीताराम : एक एक म्हणान संकासुराची अर्धी जीभ गेली. आता काय तो नुसत्यो वाकुल्यो दाखवतलो?

अबोली : दाखवू दे. वाकुल्यांना कुणी हरकत घेत नाही.

सीताराम : ह्या बरा असा. ह्या लिवन घे.

अबोली : आपलं बोलणं नाही लिहायचं, संकासुराचं लिहायचंय. उद्या सकाळी निलेश संहिता घेऊन जाणार, आणि आपण अजून अकराव्या पानावर. झांज घेऊन दादूकाका विचारतात, "संकासुरा, ब्रह्मदेवाचे वेद चोरलेस, ते लपवलेस कुठे?" तुम्ही काय म्हणता?

सीताराम : काय म्हणतंय ता मी तेव्हा बघतलंय.

अबोली : आत्ता बघा.

सीताराम : आता कसा बघू गो? समोर माणसां नाय, मृदुंग नाय, तोंडाक रंग नाय. समोर नुसती तुझी कोथमीर.

अबोली : कोथिंबीर बाजूला ठेवली. बोला.

सीताराम : चाळीस वर्सां दशावतारात संकासूर करतंय मी. गिरणीत होतंय तेव्हापासून. मृदुंग वाजलो की आत उडी मारूची, दादूनं इचारूचा आणि मी बोलूचा. कोणी कधी कागद मागूक नाय.

अबोली : तेव्हा तुम्ही देवळासमोर करत होतात, नाहीतर इथे भांडुपला चाळीच्या मैदानात. या वेळी ग्रामस्थ मंडळाचं पन्नासावं वर्ष, म्हणून मुलुंडचा हॉल घेतलाय, तिकीट लावलंय. हॉलवाले म्हणतात, नाटकांच्या परीक्षणाच्या कचेरीचं प्रमाणपत्र आणा. प्रमाणपत्राला संहिता लागते. तीन प्रती, प्रत्येक पानावर क्रमांक.

सीताराम : संकासूर कोण, ठाव असा मां तुका? बोरीवलीची तू, इचारलेला बरा.

अबोली : वेद चोरणारा राक्षस. मग विष्णू मासा होऊन त्याला मारतो. लग्नाला सात वर्षं झाली बाबा, सात वेळा बघितलाय तुमचा संकासूर.

सीताराम : म्हणजे जगातली पयली पोथी चोरणारो तो. आणि तेच्याकडे ह्ये लोक पोथी मागतत.

अबोली : बाबा, वेद कुठे लपवलेत?

सीताराम : बरा, घे. "वेद मी सरकारी कचेरीत ठेवलंय. एका फायलीत. आता विष्णूच काय, माका पण ते गावनत नाय."

अबोली : ...

सीताराम : हसलंस.

अबोली : हसले.

सीताराम : मगे लिव.

अबोली : हसले म्हणूनच नाही लिहिणार. मला जे हसवतं ते कुणाला तरी टोचणारच. बरं, विष्णू येतो. म्हणतो, "मी मत्स्यावतार घेतलाय."

सीताराम : "घेतलंस, पण पोहतलंस खय? आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येता, ता पण वीस मिनटां. तेवढ्यात अवतार उरक, नायतर टँकर मागव."

अबोली : पाणी नको. निलेशच्या ऑफिसात अर्धा मजला पाण्याच्या तक्रारींचाच आहे.

सीताराम : मगे तेंका आवडतला.

अबोली : त्यांच्या साहेबांना नाही आवडणार. बाबा, निलेश अजून कायम झालेला नाही. त्याची फाईल आत्ताच वर गेलीय. हॉलमध्ये तीनशे माणसं, तीनशे मोबाईल. कुणी एक तुकडा उचलला आणि खाली लिहिलं, सरकारी कर्मचाऱ्याचे वडील बघा काय बोलतायत, की झालं. पूर्वी तुम्ही बोललेलं वाऱ्यावर जायचं. आता ते राहतं.

सीताराम : म्हणानच मी कधी लिवक नाय. संपाच्या वेळेक हवालदार इलो होतो. म्हणता, काल मैदानात काय बोललंस ता लिवन दी. मी म्हटलंय, साहेब, माका लिवक येणा नाय.

अबोली : तुम्ही तर सातवी पास आहात.

सीताराम : ता तेका खय म्हायत? बोलणा पकडूक येणा नाय, कागद पकडूक येता. आता आमच्या घरात एम. ए. झालेली सून इली.

अबोली : पुढे. विष्णू म्हणतो, "संकासुरा, आता तुझा वध करतो."

सीताराम : "उशीर केलंस देवा. कागदावर मी गेल्या वर्षीच मेलंय."

अबोली : हे तर मुळीच नाही.

सीताराम : ह्या तर खरा असा. आठ महिने पेन्शन बंद. खिडकीवर गेलंय तर तो पोरगो म्हणता, तुमची नोंद मयत हा, जिवंत असल्याचो पुरावो दाखवा. मी म्हटलंय, चिमटो काढ. तो म्हणता, चिमट्याची नोंद होणा नाय.

अबोली : हळू. मीरा दाराआड उभी आहे. परवा शाळेत बाईंना सांगून आलीय, माझे आजोबा आठ महिने मेले होते. बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

सीताराम : माझी नात ती. एकदा ऐकला की पाठ.

अबोली : त्याचीच भीती वाटते मला. घरात हसायचं आणि बाहेर बोलायचं नाही, हे पाच वर्षांच्या मुलीला कसं शिकवू?

सीताराम : नको शिकव.

अबोली : तुम्हाला सोपं आहे. हे बघा, मी वेगळा कागद घेतलाय. वर लिहिलंय, "बोलू नये". फाईल, पाणी, मयत नोंद, सगळं इथे. प्रयोग होईपर्यंत रोज चहाबरोबर वाचायचं, म्हणजे रंगाच्या भरात तोंडून निसटणार नाही.

सीताराम : अथर्वशीर्षासारखा?

अबोली : तसंच. आणि सातव्या नंबरला माझ्या आईची सोलकढी. गेल्या वेळी भर प्रयोगात म्हणालात, बोरीवलीच्या विहीणबाईंची सोलकढी म्हणजे गुलाबी रंगाचो पाऊस. आई पुढच्या रांगेत होती.

सीताराम : हसली होती ती.

अबोली : घरी जाऊन तीन दिवस बोलली नाही माझ्याशी. या वेळीही येणार आहे ती.

सीताराम : दोन पानां भरलंस की गो. ह्यो कागद मात्र झकास झालो. सगळो दशावतार हेच्यातच गेलो. तिकडे अकरा पानांत काय रवला? नमन आणि वाकुल्यो.

अबोली : अर्जाखाली काय लिहू? "आपला आज्ञाधारक" लिहितात.

सीताराम : कोणाचो?

अबोली : पद्धत आहे तशी. तुम्ही गाऱ्हाण्यात "व्हय महाराजा" म्हणताच ना सगळे?

सीताराम : ता देवाक. देव खिडकी बंद करून जेवक जाणा नाय.

*

निलेश : मिळालं. प्रमाणपत्र, सही, गोल शिक्का, सगळं. हॉलवाल्याला फोटो पण टाकला. बाबा, आता बिनधास्त उडी मार.

अबोली : बघू. काही खोडलंय का त्यांनी?

निलेश : एक शब्द नाही. तुझं अक्षर बघून त्या माणसाला बरं वाटलं असेल. पान एक ते तेरा, सगळ्यांवर "मंजूर".

अबोली : एक ते किती?

निलेश : तेरा.

अबोली : निलेश, संहिता अकरा पानांची आहे.

निलेश : टेबलावर तेरा होती. मी तेरा स्टेपल केली, तेराच्या झेरॉक्स काढल्या.

अबोली : दाखव इकडे. अरे देवा. बारा आणि तेरा. "बोलू नये".

निलेश : म्हणजे काय?

सीताराम : म्हणजे माझो चहाबरोबरचो कागद. मी म्हटलंय, चार दिवस झाले, गेलो खय?

अबोली : त्यावर पुढचे क्रमांक कशाला घातले मी?

निलेश : तू किराणाच्या यादीला पण पान नंबर घालतेस.

सीताराम : थांबा, थांबा. त्या दोन पानांर पण शिक्को मारल्यानी?

निलेश : मारलाय की. हे बघ. "वेद सरकारी कचेरीत फाईलमध्ये ठेवले", मंजूर. "पाणी पहाटे साडेचारला वीस मिनिटे", मंजूर. "कागदावर गेल्या वर्षीच मेलो", मंजूर. "विहीणबाईंची सोलकढी म्हणजे गुलाबी पाऊस", मंजूर. अबोली, आता तुझी आई पण काही करू शकत नाही.

अबोली : हसू नकोस. प्रमाणपत्र नीट वाचलंस का? तिसरी अट वाच. मोठ्याने.

निलेश : "मंजूर संहितेतील पान एक ते तेरा यांवरील मजकूर जसाच्या तसा सादर करणे बंधनकारक राहील. त्यात भर घातल्यास अथवा मजकूर वगळल्यास प्रमाणपत्र रद्द समजण्यात येईल व त्याची सर्व जबाबदारी अर्जदारावर..." अर्जदार कोण?

अबोली : सही कुणाची आहे?

निलेश : माझी.

सीताराम : म्हणजे सोलकढीचा बोलणा आता सक्तीचा.

अबोली : बाबा.

सीताराम : मी काय केलंय? सरकार म्हणता.

अबोली : उद्या जाऊन सांगू, चुकून जोडलं गेलं, दोन पानं काढून द्या.

निलेश : दुरुस्तीचा अर्ज वेगळा, त्याला एकवीस दिवस. तिथे पाटीच आहे. प्रयोग रविवारी. आणि जाऊन काय सांगणार? साहेब, तुम्ही न वाचता शिक्का मारलात? हे सांगणारा पण मीच, अर्जदार.

अबोली : मग आता काय? ती दोन पानं बोलली तर पंचाईत, गाळली तर पंचाईत.

निलेश : बोलली तर कसली पंचाईत? शिक्का आहे. उद्या साहेबांनी विचारलं तर दाखवीन, हे घ्या, तुमच्याच लोकांनी मंजूर केलंय. मला तर वाटतं बाबांना लॉटरी लागलीय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सगळं बोल, आणि कायद्याने बोल.

सीताराम : मी ता बोलूचंय नाय.

निलेश : काय?

सीताराम : त्या दोन पानांतला एक अक्षर बोलूचंय नाय.

अबोली : बाबा, महिनाभर माझ्याशी भांडलात तुम्ही त्या ओळींसाठी.

सीताराम : तेव्हा त्यो माझ्यो होत्यो. आता तेंच्यो झाल्यो. संकासूर रानातसून येता, काळो झगो, काळी टोपी, आणि राजाक चार गोष्टी सुनावता. लोक कित्याक हसतत? हो आता मार खातलो म्हणान हसतत. राजानंच सांगितल्यान, माका ह्यो चार गोष्टी सुनाव, जसेच्या तसे, तर कोण हसतलो? ती वरात झाली, संकासूर नाय.

निलेश : बाबा, मिळालंय तर घे ना यार.

सीताराम : मिळालेला परत घेतत. ज्या शिक्क्यान माका मारल्यान, त्याच शिक्क्यान आठ महिन्यांनी जिवंत केल्यान. मी तवसर जिवंतच होतंय. शिक्को खरो की मी खरो?

अबोली : आणि निलेशची सही? ती खरी आहे बाबा.

सीताराम : दाखव ती सही माका.

अबोली : मला संकासुराचं कळतं. खरंच कळतं. पण घर चालतं ते निलेशच्या त्या कच्च्या नोकरीवर. तुम्ही एक शब्द जास्त बोललात तरी अट मोडते, एक शब्द कमी बोललात तरी मोडते. आणि मोडली तर तुम्हाला कुणी विचारणार नाही, त्याला विचारतील.

सीताराम : रविवारी बघूया.

अबोली : मला तेच नको आहे, ते "रविवारी बघूया".

निलेश : आधी चहा बघूया का?

*

(रविवार, दुपारचे चार. मुलुंडच्या सभागृहाची विंग. बाहेर गर्दी बसली आहे. अबोलीच्या हातात शिक्क्यांची संहिता.)

निलेश : वाट लागली. दादूकाकांचा घसा बसला. पार गेला. झांज वाजवतायत, पण तोंडातून नुसती हवा येतेय. संकासुराला प्रश्न कोण विचारणार?

सीताराम : अबोली इचारतली.

अबोली : मी?

सीताराम : लिवलंस तू, खोडलंस तू. तुझ्यापेक्षा कोणाक पाठ हा? हयसरच माइक घेवन उभी रव.

अबोली : दशावतारात बाईचा आवाज? मंडळाचे लोक काय म्हणतील?

सीताराम : आकाशवाणी म्हणाया. आकाशवाणी काय बाप्याचीच असता?

निलेश : आणखी एक आहे. घाबरू नकोस.

अबोली : असं म्हणालास की मी आधी घाबरते.

निलेश : पहिल्या रांगेत, मीरा आणि तुझ्या आईच्या शेजारी, तो बसलाय. कचेरीतला. मी अर्ज दिला तो माणूस. मांडीवर संहितेची प्रत आहे.

अबोली : आपली?

निलेश : तीच. मला बघून म्हणाला, "मागची दोन पानं किती वाजता येतील?"

अबोली : हसून म्हणाला की तसंच?

निलेश : कळलं नाही गं. मिशी फार मोठी आहे.

अबोली : म्हणजे त्याने वाचून शिक्का मारला? की न वाचता मारला आणि आता निस्तरायला आलाय?

निलेश : सांगतोय ना, मिशी.

सीताराम : हसत असलो तर माणूस बरो. पण त्या खुर्चेर उद्या दुसरो बसतलो, तेका मिशी नसतली. अबोली, हयसर बघ माझ्याकडे.

अबोली : टोपी सरळ करा. डावीकडे कललीय.

सीताराम : ती कललेलीच असता. ऐक. रात्रभर इचार केलंय मी. तू बरोबर बोललंस. सही माझ्या झिलाची, निलेशची असा. तेच्या पोटार पाय देवन मी संकासूर करूचंय नाय. आज कागदाप्रमाणा. तू इचारशीत तेवढाच, आणि लिवलला हा तेवढाच. बारा तेरा पण. तू जंय थांबशीत, थंय मी थांबतलंय.

अबोली : खरंच?

सीताराम : रंग लावन खोटा बोलणा नाय मी.

निलेश : मृदुंग सुरू झाला. बाबा, जा.

अबोली : "कोण रे तू? काळा झगा, काळी टोपी, हा आलास कुठून?"

सीताराम : "मी संकासूर. मी रानातून आलो."

अबोली : "आणि येताना काय घेऊन आलास?"

सीताराम : "मी ब्रह्मदेवाचे वेद चोरून आणले."

अबोली : "वेद चोरणे हे पाप आहे, हे तुला ठाऊक नाही का?"

सीताराम : "होय. पाप आहे. परंतु मी राक्षस आहे."

निलेश : माइकवर हात ठेव. हे काय चाललंय? "परंतु" काय?

अबोली : मी लिहिलंय तसं.

निलेश : बाबा आयुष्यात कधी परंतु म्हणाला नाहीये. शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटतंय. मागच्या रांगा मोबाईल बघायला लागल्या.

अबोली : निदान शूट तरी करत नाहीयेत. "संकासुरा, तू नाचतोस का?"

सीताराम : "होय. मी नाचतो. येथे संकासूर नाचतो."

निलेश : हे पण बोलला. "येथे संकासूर नाचतो." ती कंसातली सूचना होती ना?

अबोली : जसंच्या तसं म्हणालेत ना ते. तसंच करतायत.

निलेश : तुझी आई जांभई देतेय. मी पुढे जाऊन येतो, मीरा हात हलवतेय.

अबोली : "संकासुरा, ब्रह्मदेव तुझ्यावर रागावले आहेत."

सीताराम : "मी त्यांची क्षमा मागतो."

अबोली : "आता विष्णू तुझा शोध घेतील."

सीताराम : "घेऊ देत. मी वाकुल्या दाखवतो."

निलेश : अबोली.

अबोली : काय झालं? मीरा ठीक आहे ना? रडतेय?

निलेश : नाही. तिने मला कानात विचारलं, संकासूर आज कुणाला घाबरलाय?

अबोली : तू काय म्हणालास?

निलेश : काय म्हणणार? तिकडे तो मिशीवाला वाकून ऐकत होता. त्याच्यासमोर सांगू, तुझ्या आईलाच घाबरलाय म्हणून?

अबोली : मला नाही घाबरलेत ते.

निलेश : मग कुणाला? मी कचेरीला घाबरतो, तू माझ्यासाठी घाबरतेस, बाबा तुझ्यासाठी. मीरा आता शिकेल, नवी कोरी आहे ती.

अबोली : सही तुझी आहे, निलेश.

निलेश : माहितीये. त्याचाच विचार करत होतो मगाशी. कायम नाही झालो तर तुझ्या आईची सोलकढी विकू. पाऊस म्हणून. बाटलीतून.

अबोली : मस्करी नको.

निलेश : मस्करीच करतोय. घरात अजून एकाला तरी यायला हवी ना? बोल, बाबा थांबलाय. सगळे विंगेकडे बघतायत.

सीताराम : आकाशवाणी, आसस की गेलंस? अकरावा पान सरला.

अबोली : आहे. पान उलटतेय.

निलेश : तो मिशीवाला पण उलटतोय. बारावं काढून बसलाय, बोट ठेवून.

अबोली : वर काय लिहिलंय माहितीये? "बोलू नये". माझ्याच अक्षरात. आणि बरोबर त्याच्यावर शिक्का.

सीताराम : आकाशवाणी गो, लोकां वाट बघतत. माका बोलूक होया की नको, ता तरी सांग. फुडे काय लिवलला असा?

अबोली : पुढे काही लिहिलेलं नाही, बाबा. तुम्ही बोला.